सूत्र पाठ आहे, पण उदाहरण सुटत नाही? नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रासाठी मार्गदर्शन

"सूत्रं सगळी पाठ आहेत, पण पेपरात उदाहरण आलं की कुठलं सूत्र लावायचं तेच कळत नाही." संगमेश्वर, देवरुख, साखरपा, माखजन, कोणत्याही बाजूच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांशी बोला, ही तक्रार हमखास ऐकायला मिळते. पालकांचा प्रश्न त्याला जोडूनच येतो: क्लास लावायचा की घरीच जमेल?

बहुतेकांची अडचण पाठांतरात नसते. गणितात कोणत्या राशी दिल्या आहेत, त्या कोणत्या एककात आहेत आणि प्रत्यक्षात नेमकं काय घडतं आहे, हे तीन प्रश्न सूत्राच्या आधी विचारायचे असतात. ते विचारायची सवय लागली की गती, बल, ऊर्जा आणि वीज हे चारही विषय आवाक्यात येतात. त्यासाठी लागणारी उदाहरणं तुमच्या तालुक्यात पावलोपावली आहेत.

आधी अभ्यासक्रम समोर ठेवा

राज्य मंडळाच्या सध्याच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिले तीन धडे याच विषयांचे आहेत: गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत. दहावीच्या भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण आणि विद्युतधारेचे परिणाम हे धडे त्यांच्यावरच उभे आहेत. भाग २ मधला 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हा धडाही ऊर्जेच्या रूपांतराचाच आहे. दहावीला विज्ञानाचे दोन लेखी पेपर प्रत्येकी ४० गुणांचे असतात आणि प्रात्यक्षिकाला २० गुण असतात.

तुम्ही कुठे आहात त्यावरून मार्ग ठरवा:

- नववीत असाल तर हे तीन धडे परीक्षेपुरते उरकू नका. पुढच्या वर्षीचं निम्मं काम इथेच होतं.
- दहावीत आहात, पण नववी कच्ची राहिली असेल तर दिवाळीपूर्वी नववीचे हे तीन धडे पुन्हा करा. ते टाळून 'विद्युतधारेचे परिणाम' वाचायला घेतलं तर प्रत्येक पानावर अडाल.
- परीक्षा तोंडावर आली असेल तर नवीन काही उकरू नका. व्याख्या, फरक, आकृत्या आणि पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं एवढंच पक्कं करा.
- सेमी इंग्रजीत शिकत असाल तर मराठी माध्यमाचं पुस्तकही जवळ ठेवा. संकल्पना मराठीतून समजून घ्या आणि उत्तर इंग्रजीतून लिहा.

उदाहरण सोडवण्याच्या पाच पायऱ्या

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. कोकण रेल्वेने संगमेश्वर रोडहून रत्नागिरीकडे निघालात की उक्षी स्टेशन मागे पडल्यावर करबुडे बोगदा लागतो. त्याची लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. समजा, ५०० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किलोमीटर या एकसमान चालीने चालली आहे. इंजिन बोगद्यात शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत किती वेळ लागेल?

1. दिलेलं लिहून काढा. बोगदा ६.५ किमी, गाडी ५०० मीटर, चाल ७२ किमी प्रति तास.
2. एकके सारखी करा. ६.५ किमी म्हणजे ६,५०० मीटर. किमी प्रति तासाचे मीटर प्रति सेकंद करायला ५/१८ ने गुणा. ७२ × ५/१८ = २० मीटर प्रति सेकंद.
3. चित्र काढा आणि काय विचारलं आहे ते ओळखा. बोगद्याच्या तोंडाशी इंजिन दाखवा. शेवटचा डबा दुसऱ्या तोंडातून बाहेर येतो तेव्हा इंजिन बोगद्याच्याही ५०० मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे कापलेलं अंतर ६,५०० + ५०० = ७,००० मीटर.
4. आता सूत्र लावा. काळ = अंतर ÷ चाल = ७,००० ÷ २० = ३५० सेकंद.
5. उत्तर पटतं का ते पाहा. ३५० सेकंद म्हणजे ५ मिनिटे ५० सेकंद. ताशी ७२ म्हणजे मिनिटाला १.२ किलोमीटर. सात किलोमीटरला सहा मिनिटांच्या आत-बाहेर वेळ लागणार, म्हणजे उत्तर बरोबर आहे.

पुष्कळ जण इथे ३२५ सेकंद असं उत्तर काढतात. त्यांचं सूत्र बरोबर असतं, भागाकारही बरोबर असतो. तिसरी पायरी गाळल्यामुळे गाडीची लांबी राहून जाते. म्हणून सूत्राला चौथं स्थान द्या, पहिलं नको.

गती: इथे गोंधळ कुठे होतो?

- अंतर आणि विस्थापन. साखरप्याहून आंबा घाट चढताना रस्ता वळणं घेत जातो. एसटीने कापलेली रस्त्याची लांबी हे अंतर. सुरुवातीच्या ठिकाणापासून शेवटच्या ठिकाणापर्यंतची सरळ रेषा, दिशेसह, म्हणजे विस्थापन. घरून शाळेत जाऊन परत आलात तर अंतर आहे, पण विस्थापन शून्य.
- चाल आणि वेग. वेगाला दिशा असते. घाटाच्या वळणावर काटा ताशी ३० वरच स्थिर असला तरी दिशा बदलते, म्हणून वेग बदलतो. वेग बदलला म्हणजे त्वरण आहेच.
- ऋण त्वरण. ब्रेक लावला की त्वरण ऋण लिहायचं. हे चिन्ह विसरल्यामुळे हातची गणितं चुकतात.

गतीच्या तिसऱ्या समीकरणाचा उपयोग रस्त्यावर रोज दिसतो. समजा, कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो. थांबण्यासाठी लागणारं अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × ५).

- ताशी ३६ किमी, म्हणजे १० मीटर प्रति सेकंद: १०० ÷ १० = १० मीटर.
- ताशी ७२ किमी, म्हणजे २० मीटर प्रति सेकंद: ४०० ÷ १० = ४० मीटर.

वेग दुप्पट झाला तर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ओल्या रस्त्यावर ब्रेकचा परिणाम निम्म्यावर आला असं धरलं तर हीच अंतरं २० आणि ८० मीटर होतील. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढ्यात गाडी आणखी १० किंवा २० मीटर पुढे गेलेली असते. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावून गाड्यांचा वेग का कमी ठेवते, हे या वर्गाच्या हिशोबातून समजतं. मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकी चालवणाऱ्या घरातल्या मोठ्यांनाही हे गणित करून दाखवा.

बल: तीन नियम, तीन कसोट्या

पहिला नियम. वस्तूवर असंतुलित बल नसेल तर ती स्थिर राहते किंवा आहे त्याच वेगाने सरळ जात राहते. एसटीने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात. त्यांना मागून कोणी ढकललेलं नसतं. पाय गाडीबरोबर थांबतात आणि वरचं शरीर जडत्वामुळे पुढे जात राहतं. उत्तरात हे एवढंच, याच क्रमाने लिहा.

दुसरा नियम. बल = वस्तुमान × त्वरण. इथे बल म्हणजे सर्व बलांची बेरीज वजाबाकी करून उरलेलं बल. गाडी एकसमान वेगाने सरळ चालली असेल तर उरलेलं बल शून्य असतं. इंजिनाचं बल आणि घर्षण तिथे समसमान असतात.

तिसरा नियम. फुणगूसच्या खाडीत होडीवाला काठावर बांबू रेटतो आणि होडी मागे सरकते. बांबूने काठावर बल लावलं, काठाने तेवढंच बल उलट दिशेला बांबूवर लावलं. "दोन्ही बलं सारखी आणि विरुद्ध, मग ती एकमेकांना रद्द का करत नाहीत?" हा प्रश्न बहुतेकांना पडतो. कारण ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत: एक काठावर, दुसरं होडीवर. रद्द होण्यासाठी दोन्ही बलं एकाच वस्तूवर असावी लागतात.

वस्तुमान आणि वजन यांतला फरक दहावीच्या 'गुरुत्वाकर्षण' धड्यात पुन्हा विचारला जातो. रेशन दुकानातला ५० किलोचा आकडा हे वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वीने त्या पोत्याला ओढण्याचं बल: ५० × ९.८ = ४९० न्यूटन. चंद्रावर वस्तुमान ५० किलोच राहील, वजन मात्र सुमारे सहाव्या भागाइतकं होईल.

कार्य, ऊर्जा आणि शक्ती

विहिरीवरून १५ किलोचा भरलेला हंडा घेऊन पाखाडी चढायची आहे आणि वर २० मीटर उंचीवर घर आहे. हंडा वर नेताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेलं कार्य = वस्तुमान × ९.८ × उंची = १५ × ९.८ × २० = २,९४० जूल. पाखाडी कितीही वळत गेली तरी हिशोबात फक्त उभी उंची येते. तोच हंडा सपाट अंगणातून एकसमान वेगाने नेला तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य शून्य. चालणाऱ्याचे पाय दुखतात, कारण स्नायू ऊर्जा खर्च करतात. परीक्षेत मात्र बल आणि विस्थापन एकमेकांना लंब आहेत म्हणून कार्य शून्य, असं कारण लिहायचं.

शक्ती म्हणजे कार्य किती झपाट्याने झालं ते. पंप घेताना हाच फरक उपयोगी पडतो. १,००० लिटर पाणी २० मीटर वर चढवायचं तर कार्य = १,००० × ९.८ × २० = १,९६,००० जूल. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. काहीही ऊर्जा वाया जात नाही असं धरलं तर एक हॉर्सपॉवरच्या पंपाला २६३ सेकंद, म्हणजे साडेचार मिनिटांच्या आत वेळ लागेल. दोन हॉर्सपॉवरचा पंप निम्म्या वेळात काम करेल, पण पाण्याला द्यावी लागणारी ऊर्जा तेवढीच राहील. प्रत्यक्षात पाइपातलं घर्षण आणि पंपातला अपव्यय यामुळे दोघांनाही जास्त वेळ लागतो.

ऊर्जेच्या रूपांतराचं मोठं उदाहरण शेजारच्या चिपळूण तालुक्यात आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या बाजूला उतरतं आणि जनित्रं फिरवतं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे. क्रम असा लिहा: पाण्याची स्थितिज ऊर्जा, मग गतिज ऊर्जा, मग टर्बाइनची गतिज ऊर्जा, मग विद्युत ऊर्जा. समजा, १,००० लिटर पाणी ४०० मीटर खाली आलं. त्याची ऊर्जा १,००० × ९.८ × ४०० = ३९,२०,००० जूल. घरच्या बिलातलं एक युनिट म्हणजे ३६,००,००० जूल. म्हणजे एका युनिटासाठी जवळजवळ एक हजार लिटर पाणी चारशे मीटर खाली यावं लागतं. दिवा विसरून चालू राहतो तेव्हा काय वाया जातं, ते या आकड्यातून दिसतं.

वीज: बिल हेच सरावाचं पुस्तक

डोंगरावरच्या साठवण टाकीतून वाडीत पाणी येतं, तेव्हा टाकी आणि नळ यांच्या उंचीतल्या फरकामुळे ते वाहतं आणि पाइप जितका बारीक तितका प्रवाह कमी होतो. उंचीतल्या फरकाच्या जागी विभवांतर, प्रवाहाच्या जागी विद्युतधारा आणि पाइपाच्या अडथळ्याच्या जागी रोध ठेवा. विभवांतर = धारा × रोध, हाच ओहमचा नियम.

जोडणी ओळखा. एकसर जोडणीत सर्वांतून धारा सारखी असते आणि विभवांतर वाटलं जातं. समांतर जोडणीत विभवांतर सारखं असतं आणि धारा वाटली जाते. घरात सगळी उपकरणं समांतर जोडलेली असतात, म्हणून एक दिवा गेला तरी बाकीचे चालू राहतात.

शक्तीचं कोणतं सूत्र घ्यायचं? दोन उपकरणांतून धारा सारखी असेल तर 'धारेचा वर्ग × रोध' घ्या. विभवांतर सारखं असेल तर 'विभवांतराचा वर्ग ÷ रोध' घ्या. घरात विभवांतर सर्वांना २३० व्होल्टच मिळतं, म्हणून दुसरं सूत्र. त्यावरून १०० वॅटच्या जुन्या दिव्याचा रोध ५२९ ओहम येतो आणि ४० वॅटच्या दिव्याचा १,३२२.५ ओहम. कमी वॅटच्या दिव्याचा रोध जास्त असतो, ही गोष्ट पक्की करा.

व्होल्टेज कमी झालं तर? २,००० वॅटच्या गीझरला २३० ऐवजी १८४ व्होल्ट मिळाले, म्हणजे ८० टक्के. शक्ती विभवांतराच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती ६४ टक्क्यांवर, म्हणजे १,२८० वॅटवर येते. पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागतो. गीझर बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी व्होल्टेज किती आहे ते पाहून घ्या.

कोणतं सॉकेट? धारा = शक्ती ÷ विभवांतर. २,००० वॅटच्या गीझरला २,००० ÷ २३० = सुमारे ८.७ अँपिअर धारा लागते. घरातलं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, म्हणून गीझर १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवा. ७५० वॅटच्या इस्त्रीला सुमारे ३.३ अँपिअर पुरतात, ती छोट्या सॉकेटवर चालते.

युनिट मोजा. ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालला तर ३० दिवसांत ७५ × १० × ३० ÷ १,००० = २२.५ युनिट. ३० वॅटचा पंखा तेवढाच वेळ चालला तर ९ युनिट. फरक १३.५ युनिटचा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे गेल्यावर वरचा दर फक्त पुढच्या युनिटांना लागतो, आधीच्या शंभरांना नाही. बिल पडताळताना हे ध्यानात ठेवा.

घरी काय करावं, काय करू नये

- दीड व्होल्टचे सेल, टॉर्चचा छोटा बल्ब, वायर आणि स्विच घेऊन एकसर आणि समांतर जोडणी करून पाहा. प्रकाशातला फरक वहीत लिहा.
- इन्सुलेशन असलेली तांब्याची तार खिळ्याला गुंडाळून सेलला क्षणभर जोडा आणि टाचण्या उचलून पाहा. तार तापते, म्हणून जोडणी लगेच सोडा.
- २३० व्होल्टवर कोणताही प्रयोग करू नका. प्लगमध्ये उघडी वायर खुपसणं, फ्यूजच्या जागी जाड तार टाकणं, ओल्या हाताने स्विच लावणं जिवावर बेतू शकतं.
- तीन पिनांच्या प्लगमधली लांब पिन अर्थिंगची असते. ती कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये प्लग बसवू नका.

गुण हमखास कुठे जातात?

- उत्तराला एकक लिहिलं नाही.
- सूत्र न लिहिता थेट आकडे घातले.
- गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचं की १०, हे प्रश्नात पाहिलं नाही.
- विद्युत चलित्रासाठी फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आणि जनित्रासाठी उजव्या हाताचा, यांत अदलाबदल केली.
- परिपथाच्या आकृतीत अमीटर समांतर आणि व्होल्टमीटर एकसर दाखवला. खरं तर याच्या उलट हवं.
- बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. वर्षभर मोबाइलवर आकडेमोड केलेल्यांचा वेळ तिथे पुरत नाही.

तुमचे हक्क

- पुस्तक: बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. पुस्तक हातात नाही म्हणून थांबू नका.
- प्रयोग: प्रात्यक्षिकाला २० गुण आहेत. प्रयोग नुसते वहीत उतरवून न घेता प्रत्यक्ष करायला मिळावेत, ही मागणी तुम्ही शिक्षकांकडे आणि शाळा व्यवस्थापनाकडे मोकळेपणाने करू शकता.
- गुण पटले नाहीत तर: दहावीच्या निकालानंतर गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांसाठी मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच तारखा पाहून ठेवा. आपल्या जिल्ह्यासाठी कोकण विभागीय मंडळाचं कार्यालय रत्नागिरीत आहे.
- विषय राहिला तर: त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते. वर्ष वाया जाईल या भीतीने शाळा सोडू नका.

पालकांसाठी

क्लास लावायचा की नाही, हे ठरवण्याआधी एक चाचणी घ्या. मुलाला किंवा मुलीला नववीच्या पुस्तकातलं एक उदाहरण वरच्या पाच पायऱ्यांनी तुमच्यासमोर सोडवायला सांगा. पहिल्या तीन पायऱ्या जमत असतील तर रोज अर्धा तास सरावाने काम भागेल. त्याच जमत नसतील तर शाळेतल्या शिक्षकांना भेटा आणि नेमकं कुठे अडतं ते सांगा. नुसती सूत्रं घोकून घेणाऱ्या क्लासने ही अडचण सुटणार नाही. तुम्हाला स्वतःला भौतिकशास्त्र येत नसलं तरी चालेल. "हे कोणत्या एककात आहे?" एवढा एक प्रश्न प्रत्येक उत्तराला विचारत राहा.

या आठवड्यात घरातलं विजेचं शेवटचं बिल काढा, प्रत्येक उपकरणावरचे वॅट वाचा आणि महिन्याचे युनिट स्वतः मोजून बिलाशी ताडून पाहा. ज्या मुलाला हे जमलं, त्याला 'धाराविद्युत'चा अर्धा धडा आला.